सर्व्हरला आग्रह

जगात नकार नावाची वस्तूच अस्तित्वात नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो नेमका माझ्या नशिबी साडू म्हणून आला. थोरले साडू. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. रिसोडपासून जरा आत त्यांचं गाव. गावात सोयाबीन-तुरीची बरी शेती, आणि शेतीपेक्षा मोठा पसारा म्हणजे पंचक्रोशीत सोयरिकी जुळवणं आणि जुळलेल्या सोयरिकीत जो कोणी रुसून बसेल त्याला मनवणं. 'नाही' हा शब्द त्यांच्या कानावर पडत नाही असं नाही. पडतो, पण त्यांच्या मते ती बोलण्याची सुरुवात असते. "पाव्हन्यानं पयल्यांदा नाई म्हनलंच पाह्यजे साडभाऊ," ते मला समजावायचे. "त्याच्या मायनं त्याले तसं शिकोलं असते. आपन ते नाई खरं धरलं, तर त्या माउलीचा अपमान होते." दुसऱ्यांदा नाही म्हणजे रीत, तिसऱ्यांदा नाही म्हणजे लाज. चौथ्यांदा जो नाही म्हणेल तो खरोखरच नाही म्हणतो आहे, हे त्यांना तत्त्वतः मान्य होतं. पण त्यांच्यापुढे चौथ्यापर्यंत टिकलेला माणूस मला तरी भेटलेला नाही.

एकदा माझं पोट इतकं बिघडलं होतं की पाणी प्यायचीही भीती वाटत होती. नेमके त्याच दिवशी त्यांच्या मळ्यात रोडगे होते. गोवरीच्या विस्तवात भाजलेले ते कणकेचे गोळे तुपात बुडवून, वांग्याच्या भाजीसोबत खायचे. मी हात जोडून म्हणालो, "दादा, डॉक्टरांनी सांगितलंय." ते म्हणाले, "डॉक्टरनं पयल्यांदाच सांगतलं ना?" आणि वाढलं. दुसऱ्यांदा मी ताटावर हात आडवा धरला, तर त्यांनी हातावरच रोडगा ठेवला. पुढचं सांगण्यासारखं नाही. रिसोडच्या स्टँडवर एका कंडक्टरनं त्यांना "गाडी फुल हाये, जागा नाई" असं साफ सांगितलं होतं. वाशिम येईपर्यंत कंडक्टर दांडा धरून उभा होता, हे त्याच्या सीटवर बसले होते, आणि त्याच्या पुतणीला मंगरूळपीरकडचं एक स्थळ सुचवून झालं होतं. उतरताना कंडक्टर त्यांच्या पाया पडला. मी मागच्या पायरीवर लोंबकळत हे सगळं बघत होतो, कारण माझ्यासाठी मात्र त्यांनी जागा मागितली नव्हती. घरच्या माणसानं सोसायचं असतं म्हणे.

पण त्यांची खरी कला दिसायची ती लग्नात. मंगरूळपीरच्या एका लग्नात वरबाप, म्हणजे आमच्याकडे ज्यांना इवाई म्हणतात ते, जेवायला बसेनात. त्यांच्या आत्याला साडी हलकी दिली गेली होती. मांडवभर माणसं उपाशी. सगळे नातेवाईक विनवून थकले, तेव्हा आमच्या साडूंना बोलावणं गेलं. ते आले, इवायांच्या समोर बसले आणि एक शब्द न बोलता स्वतःच रुसले. कोणी पाणी दिलं, "नको." पान दिलं, "राहू द्या." थोड्या वेळानं इवाईच अस्वस्थ झाले. "तुमाले काय झालं हो?" "काई नाई. आमी कायले जेवतो? आमचं कोन हाये हितं?" हे म्हणताना साडूंचा आवाज असा भरून आला की इवाई स्वतः उठले, हात धरून त्यांना पंगतीत घेऊन गेले, आणि आपल्या हातानं पहिला घास भरवला. "रुसल्याले मनवाचं, तं त्याच्याऊन जास्त रुसा लागते," हे त्यांचं शास्त्र. हे शास्त्र त्यांनी गावात इतकं वापरलं की गावात भांडणच शिल्लक राहिलं नाही. भावाभावांचं बोलणं सुरू झालं, धुऱ्याचे, म्हणजे शेतांच्या बांधांचे, वाद मिटले. आता मात्र झाली पंचाईत. या माणसाला स्वतःला मनमुराद भांडायला कोणी उरलं नाही. म्हणून दर रविवारी ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, मोटारसायकलवर मागे बसवून ते वाशिमला आमच्या घरी यायचे आणि माझ्याशी भांडायचे. भाजीत तेल किती असावं, पंखा कोणत्या आकड्यावर असावा, काहीही चालायचं. दोघी बहिणी आत गप्पा मारायच्या, बाहेर आम्ही एकमेकांची अक्कल काढायचो. संध्याकाळी जाताना "बह्याडच हा तुमी", म्हणजे वेडेच आहात, असं मला म्हणून ते अगदी तृप्त चेहऱ्यानं गाडीला किक मारायचे.

मी तेव्हा एका संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणाचं वाशिम जिल्ह्याचं काम पाहत होतो. लोक रोज काय खातात याचं सर्वेक्षण. आमच्या सर्वेक्षक मुली मानोऱ्याच्या बाजूच्या तांड्यांवर आणि इकडच्या गावांत घरोघर जायच्या, काल काय शिजलं ते विचारून मोबाइलमधल्या फॉर्ममध्ये भरायच्या, आणि ती माहिती पुण्याला संस्थेच्या सर्व्हरवर जाऊन बसायची. लोक अनोळखी मुलींशी बोलेनात, म्हणून मी साडूंना पर्यवेक्षक नेमलं. लोक बोलायला लागले, पण भलताच घोटाळा झाला. साडू ज्या घरी जात तिथं त्यांचा पाहुणचार होई, आणि दुसऱ्या दिवशी मुलगी जाऊन 'काल काय शिजलं' विचारी, तर उत्तर येई: पुरणपोळी, भजी, वडे, कढी. पुण्याच्या तज्ज्ञांना वाशिमच्या काही गावांत दिवाळी नसताना दिवाळी दिसू लागली. मी साडूंना सांगितलं, "दादा, कोणाकडे जेवू नका." त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "आमी नाईच म्हन्तो बापा. पन ते आयकते काय?"

अशात पुण्याहून फर्मान आलं. तोवर मी रोज संध्याकाळी सर्व्हरवरून फाईल उतरवून, साफ करून पाठवायचो. आता ते बंद. प्रत्येक जिल्ह्यानं महिनाअखेरपर्यंत सॉफ्टवेअरचं एपीआय सुरू करायचं, म्हणजे माहिती आपोआप, ठरल्या वेळी, हव्या त्या रूपात पुण्याच्या संगणकात उतरेल. ज्या जिल्ह्याला जमणार नाही, तिथलं कार्यालय बंद, आणि तिथल्या माणसानं गाशा गुंडाळून पुण्याला यायचं. मी हे रविवारी जेवताना सांगितलं. दोघी बहिणींचे चेहरे उतरले. साडूंनी हातातला घास ताटात परत ठेवला, जे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. "असं कसं जाता तुमी?" ते म्हणाले. "मंग मी भांडू कोनासंग?" मग माझ्या ताटात कोणीच आग्रह न करता भात वाढला गेला आणि मी मुकाट्यानं खाल्ला. काय करणार, 'नको' म्हणायचीही इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कार्यालयात हजर. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, जणू मुलगी बघायला निघाले आहेत. "ते एपीआय का काय हाये ते मले सांगा." मी सांगितलं की एका बाजूला आपला संगणक, दुसऱ्या बाजूला सर्व्हर, दोघांची एकमेकांशी थेट ओळख नाही, तर निरोप ने-आण करायला मधे जी सोय असते ती एपीआय. त्यांचे डोळे चमकले. "म्हंजे मध्यस्थ! अहो, मंग हे काम मी जलमभर करून राह्यलो. तुमी सरका बाजूले." मी म्हणालो, दादा, सरकतो, पण आधी टोकन घ्यावं लागतं. टोकन म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळख. ती दाखवली की सर्व्हरला कळतं कोण आलंय. हे त्यांना लगेच पटलं, कारण आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला पहिला प्रश्न "कोनाचे हो तुमी?" हाच असतो. फक्त त्या ओळखीत गावाचं नाव नाही, बापाचं नाव नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. टोकन कोणालाही सांगायचं नाही असा नियम मी सांगितला, तो त्यांनी इतका मनावर घेतला की मलाही सांगेनात. वास्तविक ते मीच त्यांना दिलं होतं. शेवटी त्यांनी त्याचे दोन भाग केले. अर्धं स्वतःच्या खिशात, अर्धं ताईंच्या मसाल्याच्या डब्यात. "अर्ध्यानं चोराले काई साधत नाई," म्हणे. त्यामुळे वाशिम जिल्ह्याचं एपीआय सुरू करायचं तर आधी ताईंना फोन लागायचा. एके दिवशी त्या हळदीकुंकवाला गेल्या होत्या, तर अख्ख्या संशोधनाला त्या परत येईपर्यंत बसून राहावं लागलं. डबा उघडून ताई एकेक अक्षर वाचायच्या, मधे शिंकायच्या, कारण अक्षरांवर तिखट सांडलेलं असायचं.

शिकताना खऱ्या माहितीला हात लावायचा नसतो. त्यासाठी सरावाचा एक वेगळा फॉर्म असतो. त्यात एक खोटी नोंद घालायची, मग ती एपीआयनं मागवून बघायची, एवढाच पहिला धडा. खोटं नाव घालायला साडू तयार होईनात. "पयल्याच भेटीत खोटा पाव्हना कायले आनता?" त्यांनी स्वतःचं नाव घातलं, वय घातलं, गाव घातलं, काल काय खाल्लं ते चटणीसकट घातलं, आणि शेवटी 'शेरा' नावाच्या रकान्यात लिहिलं: "रामराम. घरी सर्व ठीक. चहा घेतला काय?" मी म्हणालो, दादा, हे मशीन आहे. ते म्हणाले, "असू द्या ना. गेल्या गेल्या तोंडावर 'माहिती दे' म्हनाचं? तहसीलदार तरी असं म्हनते काय?"

मग आम्ही पहिली मागणी पाठवली. क्षणात उत्तर आलं: परवानगी नाही. माझ्या खात्याला पुण्याहून एक अधिकार मिळायचा राहिला होता, तो तिथल्या संगणक विभागाच्या साहेबांनी द्यायचा होता. मी त्यांना मेल टाकला. दोन-चार दिवस वाट पाहिली, उत्तर नाही. पुन्हा टाकला, नाही. महिना संपत आला होता आणि माझी झोप उडाली होती. साडू मात्र निवांत. "पयलंच नाई हाये ना? काहून घाबरता?" त्या दिवशी मला मानोऱ्याला जायचं होतं. जाण्याआधी, केवळ त्यांचं मन रमावं म्हणून, मी त्यांना दाखवलं की एकच मागणी पुन्हापुन्हा पाठवायची असेल तर दरवेळी बटण दाबावं लागत नाही. प्रोग्रामला सांगितलं की तो आपला आपण पाठवत राहतो. साडू खुर्चीवरून अर्धे उठले. "म्हंजे हे स्वतःहून आग्रह करते?" मी घाईत "हो" म्हणालो आणि जीपमध्ये बसलो. त्या एका 'हो'चे परिणाम मला मानोऱ्याहून परत येईपर्यंत कळले नाहीत.

दुपारी परत आलो तर साडू संगणकासमोर बसलेले, आणि की-बोर्डशेजारी चहाचा भरलेला कप ठेवलेला. तो सर्व्हरसाठी होता. पडद्यावर सकाळपासून मागण्यांची रांग धावत होती. "आता बदललं पाहा," ते आनंदानं म्हणाले. मी वाचलं. सर्व्हर म्हणत होता: फार वेळा विचारलंत, जरा थांबा. म्हणजे आम्हाला त्यानं अडवलं होतं. मी कपाळावर हात मारला. साडू म्हणाले, "बह्याडावानी काय करता? सकायी 'नाई' म्हने, आता 'थांबा' म्हन्ते. म्हंजे आत लुगडं नेसनं चालू असन, नाईतर घरधनी आंगोळीले गेला असन. 'नाई'वरून 'थांबा'वर आला तो पाव्हना आपला झाला म्हून समजा."

तेवढ्यात माझा फोन वाजला. पुण्याचे साहेब. इतक्या दिवसांत ज्यांनी एका ओळीचं उत्तर दिलं नव्हतं, ते स्वतः ओरडत होते, "वाशिमहून आमच्या सर्व्हरवर कोण हल्ला करतंय?" साडूंनी फोन काढून घेतला, मला डोळ्यांनीच म्हणाले, आले बापा घरधनी बाहेर, आणि शांतपणे बोलले, "हल्ला नाई साहेब, आग्रह हाये." पलीकडे पुन्हा आरडाओरडा. साडूंनी तो पूर्ण ऐकून घेतला, आणि मग ते रुसले. "बरं साहेब. मंग राहू द्या. नको आमाले परवानगी. आमी कायले एपीआय करतो? वाशिमचे लोक आमी, आमाले कोन विचारते? ठेवतो मी." आवाज तोच, मंगरूळपीरच्या मांडवातला. साहेब गडबडले. "अहो काका, तसं नाही..." "नाई, नाई, राहू द्या." "अहो ऐका, मी आत्ता देतो परवानगी." "कायले तरास घेता?" साहेब आता विनवत होते, आणि साडू परवानगी नाकारत होते. दुसऱ्यांदा नाकारली. तिसऱ्यांदा नाकारली तेव्हा मी त्यांच्या पायाला हात लावला. मग म्हणाले, "आता तुमी एवढं म्हनून राह्यले तं द्या." फोन ठेवण्यापूर्वी साहेबांच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली आणि त्यांना वाशिमला यायचं आमंत्रणही गेलं. मी मागणी पुन्हा पाठवली. पडद्यावर ओळीनं सगळं उतरलं, आणि सगळ्यात वर साडूंची नोंद होती: रामराम, घरी सर्व ठीक. त्या माणसाला मी चक्क मिठी मारली. थंड झालेला सर्व्हरचा चहा आम्ही दोघांत अर्धा अर्धा प्यायलो.

महिनाअखेरीस साहेब खरंच आले. ज्याच्यापायी कार्यालय वाचलं तो पाहुणा, म्हणून साडूंनी मळ्यात रोडगे लावले. खाटेवर लॅपटॉप ठेवून मी त्यांना सगळं दाखवलं: तांड्यावर मुलगी फॉर्म भरते, आणि रोज सकाळी प्रोग्राम आपोआप माहिती पुण्यात उतरवतो, मधे कोणी हात लावत नाही. साहेब खूश झाले. इतके खूश झाले की रोडगा तुपात बुडवत म्हणाले, "अप्रतिम. म्हणजे आता इथं कार्यालयाची गरजच उरली नाही! मुली आणि काका आहेतच. तुम्ही पुण्याला या, सगळ्या जिल्ह्यांचं एपीआय तुम्हीच बघा. मी आजच वर कळवतो." ते मनापासून माझं भलं करत होते. साडू वांग्याच्या भाजीचं भांडं घेऊन त्यांच्यासमोर उभे होते. साहेबांनी हात आडवा करून "बास" म्हटलं. एकदाच म्हटलं. आणि साडू "बरं" म्हणून भांडं घेऊन मागे फिरले. मी त्यांना कोणाचं पहिलं 'नाही' ऐकताना त्या दिवशी पाहिलं, आणि ते पाहवलं नाही.

आता मी पुण्यात असतो. काचेची केबिन आहे, पंखा नाहीच, त्यामुळे कोणत्या आकड्यावर ठेवायचा हा वादही नाही. पहिल्या सकाळी प्रोग्राम चालवला तर वाशिमच्या माहितीसोबत तो सरावाचा फॉर्मही उतरला. काढून टाकायचा राहून गेला होता. त्यात एक नवी नोंद होती. नाव साडूंचं, आणि शेऱ्यात: "रामराम. पोचले काय? चहा घेतला काय?" मी त्याच रकान्यात उत्तर लिहून परत पाठवलं. मग हे रोजचंच झालं. एकदा फोनवर विचारलं, दादा, फोन असताना हा उपद्व्याप कशाला? म्हणाले, "फोनवर आदमी दोन मिन्टात ठेवते. हे कसं, पयले तुमच्या ताईले डबा उघडा लागते. तिचाही रामराम होते."

थंडी पडली तसा शेरा आला: "मळ्यात रोडगे हायेत. रविवारी येजा." मी लिहिलं, रजा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा: "रविवारी येजा." मी लिहिलं, काम फार आहे. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, मी लिहिलं, पुढच्या महिन्यात बघतो. चौथ्या दिवशी सकाळी प्रोग्राम चालवला, तर नोंदच नाही. वाटलं, गावात रेंज नसेल. पुन्हा चालवला. नाही. ताई हळदीकुंकवाला गेल्या असतील. पुन्हा चालवला. मग मी काही न करता नुसतं तेवढंच करत बसलो, टेबलावरचा चहा निवला, आणि पडद्यावर उत्तर आलं: फार वेळा विचारलंत, जरा थांबा. बाजूच्या केबिनमधून साहेब धावत आले. "सर्व्हरवर कोण हल्ला करतंय?" मी म्हणालो, "हल्ला नाही साहेब." साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून बसले.

सर्व्हरनं पुन्हा दार उघडलं तेव्हा मी साडूंच्या जुन्या नोंदीत लिहिलं: "दादा, या रविवारी येऊ काय?" दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर होतं. "नाई. कायले तरास घेता. आमचं कोन हाये? राहू द्या." वाचता वाचता मी मोठ्यानं हसलो, आणि हसता हसता डोळे पुसले, कारण तो आवाज मला मंगरूळपीरच्या मांडवापासून ओळखीचा होता. समोर बसून जास्त रुसणं चालू होतं. रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो, पुन्हा खुर्चीत बसलो. पहिलंच नाही होतं ते. मी लगेच पुन्हा विचारलं.